संगणकाच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

प्रत्येक शाळेच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट असते. जनरल रजिस्टर, सेवापुस्तके, शाळेचे शिक्के असा सारा महत्त्वाचा ऐवज त्यात ठेवलेला असतो. समजा, या कपाटाच्या किल्लीच्या पंचवीस प्रती काढून प्रत्येक शिक्षकाला एकेक देऊन टाकली, तर काय होईल? सोय होईल खरी. पण एक दिवस एखादे रजिस्टर जागेवर नसेल आणि ते कोणी नेले हे कोणालाच सांगता येणार नाही. आता उलटी कल्पना करू. किल्ली एकच आहे, ती एकाच व्यक्तीकडे आहे आणि ती व्यक्ती बदली होऊन किल्लीसकट निघून गेली आहे. मग कपाट शाळेचे असूनही शाळेला परके होते.

कपाटाच्या बाबतीत या दोन्ही चुका आपण सहसा करत नाही. 'चार्ज' देण्याघेण्याची रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र दोन्ही चुका सर्रास होतात. लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणारे संगणक आज अनेक शाळांत आहेत. त्यांच्यावर प्रशासकाचे अधिकार कोणाला द्यावेत, कसे द्यावेत आणि ते देताना आत नेमके काय घडते, हे या लेखात पाहू.

आमचीच एक चूक

दुसऱ्यांना शहाणपण सांगण्यापूर्वी स्वतःची चूक कबूल केलेली बरी. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत एका उपकरणाला जोडलेला लिनक्सचा संगणक होता. आम्ही आठ जण तो वापरत असू. प्रत्येकाचे वेगळे खाते उघडण्याचा कंटाळा केल्यामुळे सगळे जण 'रूट' या सर्वाधिकारी खात्यातूनच काम करत. त्याचा परवलीचा शब्द एका चिठ्ठीवर लिहून ती कळफलकाच्या खाली चिकटवलेली होती.

एका शनिवारी संध्याकाळी डिस्क भरली. कोणीतरी जुन्या फाइली काढून टाकण्यासाठी आज्ञा दिली. 'डेटा' नावाच्या कप्प्यातला 'जुने' हा उपकप्पा पुसायचा होता. पण टाइप करताना 'डेटा/' आणि 'जुने' यांच्यामध्ये एक मोकळी जागा पडली. संगणकाच्या दृष्टीने मोकळी जागा म्हणजे दोन वेगळी नावे. त्याने आधी संपूर्ण 'डेटा' पुसला आणि मग 'जुने' शोधायला गेला. आज्ञेसोबत 'विचारू नकोस' अशी खूणही दिलेली होती, त्यामुळे त्याने विचारले नाही. साडेतीन महिन्यांची मोजमापे गेली.

सोमवारी आम्ही नोंदी उघडून पाहिल्या. त्यांत लिहिले होते : काम 'रूट'ने केले. पण रूट तर आम्ही सगळेच होतो! मोजमापे पुढे पुन्हा घेता आली. पण मधले कित्येक आठवडे आठ माणसे एकमेकांकडे संशयाने पाहत राहिली, ते नुकसान भरून निघायला अधिक वेळ लागला. ती आज्ञा कोणी दिली हे आजही आम्हाला ठाऊक नाही. कदाचित देणाऱ्यालाही ठाऊक नसेल.

अनेकांसाठी एक यंत्र

अधिकारांची ही भानगड मुळात आली कोठून? १९६०च्या दशकात संगणक अतिशय महाग होते. एका यंत्रावर एका वेळी अनेकांनी काम करावे, यंत्राने आपला वेळ सर्वांत वाटून द्यावा, अशी पद्धत तेव्हा निघाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने १९६१ साली अशी प्रणाली चालवून दाखवली. एकाच्या फाइली दुसऱ्याने पाहू नयेत म्हणून तिच्यात परवलीचे शब्द आले. पुढे १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचे काम सुरू केले. 'हे यंत्र अनेकांचे आहे' हे गृहीत धरूनच ती वाढली. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने युनिक्सच्या धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहायला घेतला, तेव्हा हे गृहीतक त्यातही उतरले.

घरगुती संगणकांची वाट वेगळी होती. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकावर डॉस ही प्रणाली होती. तिच्यात वापरणारा आणि मालक असा भेदच नव्हता. समोर बसेल तो राजा. २००१ सालच्या विंडोज एक्सपीवर खाती होती, पण घरोघरी लोक प्रशासकाच्या खात्यातूनच काम करत. २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आली. महत्त्वाच्या कामाआधी वापरणाऱ्याला थांबवून विचारण्याची पद्धत तिच्यात होती. म्हणजे फिरून वाट तिथेच आली.

नावाला किंमत नाही, क्रमांकाला आहे

लिनक्सवर प्रत्येक खात्याला एक नाव असते आणि एक क्रमांक असतो. नाव आपल्या सोयीसाठी. गाभा पाहतो तो क्रमांक. शून्य क्रमांकाचे खाते म्हणजे रूट. उबंटू आणि डेबियन या प्रचलित प्रकारांत माणसांच्या खात्यांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात. त्यामुळे शाळेच्या संगणकावर बसवणी करताना उघडलेले पहिले खाते बहुधा १००० क्रमांकाचे असते. शून्य क्रमांकासाठी फाइलींवरचे नेहमीचे निर्बंध लागूच होत नाहीत.

इतरांसाठी ते लागू होतात ते असे. प्रत्येक फाइलीला एक मालक असतो आणि एक गट असतो. मालक, गटातले सभासद आणि उरलेले सगळे अशा तीन वर्गांना तीन-तीन परवानग्या देता येतात : वाचणे, लिहिणे आणि चालवणे. एकूण नऊ होय-नाही. म्हणजेच नऊ द्विमान अंक. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालवण्याला १ असे मूल्य दिले, की प्रत्येक वर्गाची परवानगी ० ते ७ यांपैकी एका अंकाने सांगता येते. उदाहरणार्थ ६४० म्हणजे मालकाने वाचावे व लिहावे (४ + २), गटाने फक्त वाचावे (४) आणि इतरांनी काहीच करू नये (०). द्विमान पद्धत शिकवताना मुले 'याचा उपयोग काय?' असे विचारतात. त्यांना हे उदाहरण जरूर द्यावे.

एक कोडे

आता एक कोडे घालू. सर्वांच्या परवलीच्या शब्दांची सांकेतिक रूपे 'शॅडो' नावाच्या एका फाइलीत असतात. उबंटूवर तिची परवानगी वर सांगितल्याप्रमाणे ६४० असते आणि मालक असतो रूट. म्हणजे साध्या वापरकर्त्याला ती वाचताही येत नाही. तरीही स्वतःचा परवलीचा शब्द तो स्वतः बदलू शकतो, आणि तसे झाले की ही फाइल बदलते! हे कसे?

याचे उत्तर डेनिस रिची यांनी शोधले. नऊ अंकांच्या जोडीला त्यांनी आणखी एक खूण ठेवली. ही खूण असलेला प्रोग्रॅम कोणीही सुरू केला, तरी तो सुरू करणाऱ्याच्या नव्हे तर फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. परवलीचा शब्द बदलणारा प्रोग्रॅम रूटच्या मालकीचा आहे आणि त्याच्यावर ही खूण आहे. पण तो एवढे एकच काम करतो, तेही विचारणाऱ्याची ओळख पटवून. बँकेच्या खिडकीपाशी असेच असते. आपण तिजोरीत जात नाही. रोखपाल आपल्यासाठी, आपल्या सहीवर, आपल्यापुरतेच पैसे काढून देतो. या कल्पनेचे अमेरिकन पेटंट १९७९ साली मंजूर झाले आणि पुढे ती सर्वांना वापरण्यासाठी मोकळी करण्यात आली.

सुडो : नोंदवही ठेवणारा किल्लेदार

या खुणेचाच उपयोग करून १९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील संगणक विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी 'सुडो' हा प्रोग्रॅम लिहिला. रोमन लिपीत त्याची अक्षरे एस, यू, डी, ओ अशी आहेत. 'सर्वाधिकारी होऊन कर' असा त्याचा मूळ अर्थ. कोणत्याही आज्ञेच्या आधी सुडो लिहिले, की पुढील गोष्टी क्रमाने घडतात.

सुडो रूटच्या मालकीचा आहे आणि त्याच्यावर वरील खूण आहे, म्हणून तो रूटच्या अधिकाराने सुरू होतो. तो प्रथम कोणी बोलावले ते पाहतो. मग 'सुडोअर्स' नावाच्या फाइलीतले नियम वाचतो. विचारणाऱ्याला ही आज्ञा देण्याची मुभा असेल, तर त्याला त्याचा स्वतःचा परवलीचा शब्द विचारतो. (शब्द टाइप करताना बहुतेक ठिकाणी पडद्यावर काहीच उमटत नाही. कळफलक बिघडला असे समजू नये.) ओळख पटली की कोणी, केव्हा, कोणती आज्ञा दिली याची नोंद करतो आणि मगच आज्ञा पार पाडतो. मुभा नसेल तर नकार देतो आणि त्या प्रयत्नाचीही नोंद ठेवतो. जुन्या आवृत्त्यांत नकारासोबत 'या घटनेची वर्दी दिली जाईल' असे वाक्य पडद्यावर येई. ते वाचून अनेक नवशिके घाबरत.

यातली खरी मेख लक्षात घ्या. रूटचा परवलीचा शब्द कोणालाच सांगावा लागत नाही. प्रत्येक जण स्वतःच्या नावाने येतो आणि स्वतःच्या नावाने नोंदला जातो. आमच्या प्रयोगशाळेत नेमके हेच नव्हते. म्हणूनच उबंटूने २००४ सालच्या आपल्या पहिल्या आवृत्तीपासून रूटचे खाते कुलूपबंद ठेवले आणि बसवणी करताना उघडलेल्या पहिल्या खात्याला सुडोची मुभा दिली.

प्रत्यक्ष कृती

समजा, उबंटूच्या संगणकावर 'सविता' हे साधे खाते आहे आणि त्याला प्रशासकाचे अधिकार द्यायचे आहेत. हे काम ज्याला आधीपासून अधिकार आहेत त्यानेच करायचे आहे. सोपा मार्ग चित्रमय आहे : 'सेटिंग्ज'मधील 'यूझर्स' हा भाग उघडावा, 'अनलॉक' दाबून स्वतःचा परवलीचा शब्द द्यावा, सविताचे खाते निवडावे आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर' हा खटका चालू करावा.

आत काय घडते ते समजण्यासाठी मात्र टर्मिनल उघडून आज्ञा देणे चांगले. आज्ञा अशी : 'सुडो ॲडयूझर सविता सुडो'. (प्रत्यक्षात ती रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत, शब्दांमध्ये एकेक मोकळी जागा सोडून टाइप करावी. 'ॲडयूझर' हा मात्र सलग एकच शब्द आहे.) या आज्ञेत सुडो दोनदा आला आहे आणि दोन्हींचे अर्थ निराळे आहेत. पहिला सुडो हा प्रोग्रॅम. शेवटचा सुडो हे एका गटाचे नाव. सविताला त्या गटाचे सभासद करा, एवढेच आपण सांगतो. फेडोरासारख्या प्रकारांत या गटाचे नाव 'व्हील' असे असते.

गटाला अधिकार मिळतो तो सुडोअर्स फाइलीतल्या एका ओळीमुळे. त्या ओळीत 'ऑल' हा शब्द चार वेळा येतो. त्यांचा अर्थ असा : या गटातल्या व्यक्तीने कोणत्याही यंत्रावर, कोणाच्याही नावाने, कोणत्याही गटाच्या नावाने, कोणतीही आज्ञा द्यावी. या चार 'ऑल'पैकी एकेक आवळला की अधिकार मर्यादित होतात.

येथे तीन सूचना देतो.

पहिली : सभासदत्व लगेच लागू होत नाही. सविताने खाते बंद करून पुन्हा प्रवेश करायला हवा. कारण गटांची यादी प्रवेशाच्या वेळी एकदाच हाती दिली जाते, संमेलनाच्या दारात छातीवर बिल्ला लावतात तशी. दारावरची यादी नंतर बदलली, तरी आतल्या माणसाचा बिल्ला जुनाच राहतो.

दुसरी : हेच काम 'यूझरमॉड' या आज्ञेनेही होते. तिच्यासोबत 'मायनस' चिन्ह, लहान 'ए' आणि मोठा 'जी' अशी जोडखूण द्यावी लागते. यातला 'ए' म्हणजे 'भर घाल'. तो विसरला तर नवा गट मिळतो, पण आधीच्या सर्व जादा गटांतून नाव कमी होते. स्वतःच्याच खात्यावर ही चूक करून स्वतःचे अधिकार घालवून बसलेले अनेक जण आहेत.

तिसरी : सुडोअर्स फाइल नेहमीच्या संपादकात उघडून कधीही बदलू नये. त्यासाठी 'व्हिसुडो' हा प्रोग्रॅम आहे. साठवण्यापूर्वी तो व्याकरण तपासतो. फाइलीत व्याकरणाची चूक राहिली, तर सुडो कामच नाकारू शकतो आणि चूक दुरुस्त करण्यासाठीही सुडोच लागतो!

बदलीनंतर

एका खेडेगावातल्या माध्यमिक शाळेतील बाईंनी आम्हाला फोन केला होता. संगणक कक्षात उबंटूची दहा यंत्रे होती. ती बसवणारे सर बदलून गेले होते. मुलांना भूमिती शिकवण्यासाठी एक प्रोग्रॅम बसवायचा, तर प्रत्येक यंत्र परवलीचा शब्द मागत होते आणि तो कोणाकडेच नव्हता. कोणीतरी सल्ला दिला होता की सगळे पुसून नवे करा. पण यंत्रांत मुलांचे तीन वर्षांचे प्रकल्प होते.

पुसण्याची गरज नव्हती. मुख्याध्यापकांची लेखी संमती घेऊन बाईंनी पुढीलप्रमाणे काम केले. यंत्र सुरू होताना शिफ्ट कळ दाबून धरली (नव्या पद्धतीच्या यंत्रांत एस्केप कळ दाबावी लागते). आलेल्या यादीतून 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि त्यातला 'रिकव्हरी मोड' निवडला. पुढच्या यादीत 'रूट' निवडले. येथे डिस्क फक्त वाचण्यासाठी जोडलेली असू शकते. तशी असल्यास ती लिहिण्यासाठी पुन्हा जोडण्याची आज्ञा आधी द्यावी लागते. त्यानंतर 'ॲडयूझर', आपल्या खात्याचे नाव, 'सुडो' ही आज्ञा दिली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. एका दुपारी दहाही यंत्रे शाळेची झाली.

येथे चौकस वाचक विचारतील : मग हे कोणालाही करता येईल! बरोबर आहे. यंत्रासमोर एकांतात बसू शकणारा माणूस बऱ्याच अंशी त्या यंत्राचा मालक असतो. त्यावर उपाय म्हणजे संपूर्ण डिस्क सांकेतिक रूपात ठेवणे, आणि संगणक कक्षाला साधे कुलूप लावणे. दुसरा उपायही कमी महत्त्वाचा नाही.

कोणाला किती?

१९७५ साली जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच, कमीत कमी अधिकार असावेत, असे एक तत्त्व त्यात आहे. हे तत्त्व अविश्वासातून आलेले नाही. चांगल्या माणसाच्या हातूनही मोकळी जागा पडू शकते, म्हणून ते आहे.

शाळेतली दोन उदाहरणे पाहू. मुले आर्डुइनोचे प्रयोग करतात. पाटी जोडली की लिनक्स 'परवानगी नाही' म्हणते. पुष्कळ ठिकाणी घाईने मुलांच्या खात्याला सुडो दिला जातो. वास्तविक अडचण एवढीच असते, की ती जोडणी 'डायलआउट' या गटाच्या ताब्यात असते. मुलांच्या खात्याला त्या गटाचे सभासद करावे, काम होते. तसेच छपाईयंत्राची व्यवस्था पाहण्यासाठी 'एलपीॲडमिन' हा गट आहे. म्हणजे स्वयंपाकघराची किल्ली हवी असलेल्याला तिजोरीची द्यायला नको.

सुडो देतानाही काही पथ्ये पाळावीत. उबंटूवर एकदा परवलीचा शब्द दिला, की त्या टर्मिनलमध्ये पंधरा मिनिटे तो पुन्हा विचारला जात नाही. तेव्हा टर्मिनल उघडे टाकून वर्गाबाहेर जाऊ नये. सुडो वापरून रूटचे टर्मिनलच उघडण्याची सवय लावू नये, कारण मग नोंदवहीत फक्त 'जुडगा नेला' एवढेच लिहिले जाते. कोणते कपाट उघडले ते नाही. एखाद्याला 'फक्त संपादक चालवण्याची' मुभा दिली, तर ती फसवी ठरते. कारण बऱ्याच संपादकांतून दुसऱ्या आज्ञा देता येतात आणि त्या रूटच्या अधिकाराने चालतात.

किल्लेदारही चुकू शकतो. जानेवारी २०२१ मध्ये सुडोतच एक गंभीर दोष जाहीर झाला. मुभा नसलेल्या साध्या वापरकर्त्यालाही त्यातून रूट होता येत असे, आणि हा दोष २०११ सालापासून तेथे होता! तो लगेच दुरुस्त झाला. पण ज्यांनी सुधारणा बसवल्या त्यांच्याच यंत्रावर. स्मृतीच्या हाताळणीतले असे दोष मुळातच होऊ नयेत म्हणून रस्ट या भाषेत सुडो नव्याने लिहिण्यात आला, आणि ऑक्टोबर २०२५च्या उबंटू आवृत्तीत तो मूळ सुडोच्या जागी आला. नियमित सुधारणा बसवणे हे प्रशासकाचे पहिले काम आहे, हा याचा धडा.

वर्गात करून पाहा

विद्यार्थ्यांना साध्या खात्यातून टर्मिनल उघडायला सांगा. 'आयडी' ही दोन अक्षरी आज्ञा देऊन प्रत्येकाने आपला क्रमांक आणि आपले गट वहीत लिहावेत. मग शॅडो फाइल वाचण्याचा प्रयत्न करावा आणि कोणता नकार मिळतो ते पाहावे. त्यानंतर स्वतःची एक फाइल ६४० करावी आणि शेजाऱ्याने, त्याच यंत्रावर स्वतःच्या खात्यातून, ती उघडता येते का ते तपासावे. शेवटी शिक्षकांनी नोंदवहीतल्या सुडोच्या काही ओळी वाचून दाखवाव्यात.

आणि शिक्षकांनी स्वतः एक गोष्ट करावी. प्रत्येक यंत्रावर प्रशासकाचे अधिकार निदान दोन जबाबदार व्यक्तींना, प्रत्येकाच्या स्वतंत्र खात्यावर द्यावेत. त्यांची नावे चार्ज-यादीत लिहावीत. बदली झाली की जुने नाव गटातून काढून नवे घालावे. आमच्या प्रयोगशाळेत आता आठ जणांची आठ खाती आहेत आणि सुडो दोघांकडे आहे. कळफलकाखालची चिठ्ठी आम्ही फाडून टाकली. चुका अजूनही होतात. पण त्या कोणाच्या, हे शोधत बसावे लागत नाही. ज्याची चूक असते तो स्वतःच येऊन सांगतो.